सेन्सर गेलाय, साहेब!

मोटारीच्या डॅशबोर्डावर इंजिनाचा म्हणून जो पिवळा दिवा पेटतो, त्याचं चित्र काढणाऱ्याने आयुष्यात इंजिन पाहिलं नसावं. आमच्या गाडीत तो पहिल्यांदा पेटला तेव्हा बायको म्हणाली, "हा नळ कसला लागलाय?" मुलगा म्हणाला, "नळ नाही, पाणबुडी आहे." मागच्या सीटवरून आई म्हणाली, "दिवा लागलाय ना? मग चांगलंच आहे. विझला तर काळजी करायची." मी म्हणालो, "काही नाही, पेट्रोल भेसळीचं असणार." गाडीचं काहीही बिघडलं की आधी पेट्रोलला बोल लावावा, हे मी वडिलांच्या स्कूटरपासून शिकलोय. पेट्रोल उलटून बोलत नाही.

ही चर्चा कात्रजच्या जुन्या घाटात चालली होती. केतकावळ्याच्या बालाजीला निघालो होतो. नव्या बोगद्यातून सरळ जायचं सोडून, घाटातली हवा खाऊ म्हणून मी गाडी वरच्या रस्त्याला घातली होती. हवा भरपूर मिळाली. एका वळणावर गाडीने हिसका दिला आणि तिसऱ्या गिअरमध्ये जी बसली ती उठेना. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी इंजिन नुसतं कण्हत होतं. मागून एसटी आली, हॉर्न देत शेजारून गेली आणि जाताजाता कंडक्टरने डोकं बाहेर काढून आपुलकीने सांगितलं, "साहेब, हँडब्रेक काढा!" एसटीतल्या सगळ्या खिडक्या आमच्याकडे बघत होत्या. तेवढ्याने भागलं नाही म्हणून अंगाला चिकटलेले कपडे आणि हेल्मेट घातलेले दोन सायकलवाले आम्हाला चढावर ओलांडून गेले. त्यातला दुसरा, माझ्यापेक्षा वयाने नक्कीच मोठा असलेला, "गुड मॉर्निंग, काका" म्हणाला.

गाडी सेकंडहँड. घेताना एजंटाने सांगितलं होतं, "डॉक्टरांची आहे साहेब, एकहाती." पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. जाहिरातींवर विश्वास ठेवला, तर इथल्या डॉक्टर मंडळींना पेशंट तपासायला वेळ मिळतो कधी, हा प्रश्न पडतो. त्यांचा सगळा दिवस गाड्या घेण्यात आणि एका हाताने वापरून त्या विकण्यात जात असणार. पण गाडी ऑटोमॅटिक होती आणि क्लचला वैतागलेल्या माझ्या डाव्या पायाने आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला होता, म्हणून घेतली.

ऑटोमॅटिक गाडीचं आपल्याकडे एक आहे. ती नीट चालते तोवर शेजारी तिला 'आळशी माणसाची गाडी' म्हणतात आणि बिघडली की 'मी सांगत होतो' म्हणतात. माझ्या मेव्हण्यांनी तर गाडी घरी पोचायच्या आत फोन केला. बातमी त्यांना कुणी दिली हे मी बायकोला विचारलं नाही.

"दाजी, गिअर आपल्या हातात पाहिजे," ते म्हणाले. "ही सगळी नवीन फॅडं."

मी त्यांना सांगितलं की नवीन कसली, जनरल मोटर्सने आपली हायड्रामॅटिक पेटी ओल्ड्समोबाइलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये बसवली होती. तेव्हा आपल्याकडे इंग्रज होते.

"मग बघा," मेव्हणे म्हणाले, "इंग्रजही गेले."

या युक्तिवादाला उत्तर नसतं. तसं बघितलं तर आपल्याकडे ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओबरोबर. तिच्यात साध्याच गिअरबॉक्सला क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यांत्रिक हात दिलेला होता. माझी गाडी त्या जातीची नव्हती. माझी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे जिच्यात गिअर बदलायला हात नसतो, तेल असतं. पंप तेलाला दाब देतो. व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बारीक बारीक वाटा असतात, त्यांतून ते तेल हव्या त्या क्लचपर्यंत पोचतं आणि गिअर पडतो. दाब किती आहे हे एक अंगठ्याएवढा सेन्सर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सतत कळवत असतो. त्याच्याकडून बातमी आली नाही, किंवा आली पण पटण्यासारखी नसली, की कॉम्प्युटर घाबरतो. तेलाचा दाब वाढवून ठेवतो, एकच गिअर धरतो आणि म्हणतो, जा बाबा, हळूहळू घरी जा. याला लिंप मोड म्हणतात. इतकं समंजस वागणारं आमच्या गाडीत त्या दिवशी तेवढंच कुणीतरी होतं.

हे ज्ञान अर्थातच मला नंतर झालं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं की पार्किंगमध्ये गाडी उभी करून मी बॉनेट उघडलं आहे आणि माझ्याभोवती माणसं जमत आहेत. उघडं बॉनेट आणि माणूस यांच्यात काय नातं आहे कोण जाणे. कुणी रस्त्यात पडलं तर लोक वळसा घालून जातात. बॉनेट उघडं दिसलं की थांबतात, आत वाकतात, आणि जे काही दिसेल त्याला हात लावतात. तळमजल्याचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आत नजर टाकली आणि डोळे मिटले.

"बॅटरीची वायर काढ. दहा मिनिटं थांब. परत लाव."

"त्याने काय होईल?"

"विसरेल ती."

आणि खरंच विसरली. दिवा विझला. गाडीने सोसायटीला दोन चकरा मारल्या, गिअर पडले, काकांनी हात मागे बांधून घेतले. बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांच्या कॉम्प्युटरमधली तक्रार पुसली जाते हे खरं आहे. मात्र तिच्याबरोबर घड्याळ, रेडिओची स्टेशनं, आणि गिअरबॉक्सने माझ्या चालवण्याच्या सवयी ओळखून जमवून घेतलेलं सगळं शहाणपणही पुसलं जातं. गाडी पुढचे काही दिवस नव्या नवरीच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखी अवघडून, धक्के देत चालली. मग बाणेर रस्त्यावर ऐन गर्दीत दिवा पुन्हा लागला. काकांना सांगितलं.

"दहा मिनिटं पूर्ण थांबला होतास का?" ते म्हणाले.

सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे आता मेकॅनिक भेटत नाही, टॅब्लेट घेतलेला मुलगा भेटतो. त्याच्या शर्टाला गाडीच्या कव्हरपेक्षा कडक इस्त्री असते. आधी त्याने माझा ईमेल, वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस विचारला. गाडीला काय होतंय हे त्यानंतर.

"गाडी ओढत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये अडकते. हा दिवा लागतो."

मी बोट दाखवलं. दिवा विझलेला होता.

डॉक्टरच्या दारात दाढदुखी थांबते, टीव्ही दुरुस्तीवाला आला की चित्र लख्ख दिसायला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चढावर सायकलवाल्याने "काका" म्हटलेल्या माणसाला अशा वेळी काय वाटतं ते विचारू नका. मुलाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीत हे सॉकेट सक्तीचं झालं आणि पुढे ते आपल्याकडेही आलं. बिघाड झाला की गाडीच आपली तक्रार लिहून ठेवते आणि दिवा विझला तरी ती बऱ्याचदा आत राहते. स्क्रीनवर आलं: पी-०८४०.

"सर, सेन्सर गेलाय," मुलगा म्हणाला. "पण तो गिअरबॉक्सच्या आत असतो. आम्ही सुटा बदलत नाही. असेंब्ली बदलावी लागेल."

एस्टिमेट ईमेलवर आलं. बायकोने आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि विचारलं, "यात गाडी पण येते का?"

घरी येऊन मी अभ्यासाला बसलो. शाळेत असताना हे केलं असतं तर आज सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट बघून चष्मा पुसावा लागला नसता. कळलं ते असं. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. त्याच्यापुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक. आठ म्हणजे गिअरबॉक्स. आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे नेमकं दुखणं: तेलाच्या दाबाचा सेन्सर किंवा स्विच 'ए', त्याचं सर्किट. याच्या पाठची भावंडंही आहेत. ०८४१ म्हणजे आकडा येतो पण पटत नाही, ०८४२ म्हणजे फारच खाली, ०८४३ म्हणजे फारच वर, आणि ०८४४ म्हणजे कधी येतो, कधी येत नाही. आमच्याकडच्या कामाच्या बाईंना हा शेवटचा कोड चपखल बसेल, पण असो.

गंमत अशी की कोड 'सेन्सर गेला' असं कुठेच म्हणत नव्हता. तो 'सर्किट' म्हणत होता. सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याच्या वायरी येतात, मध्ये जोडणारा कपलर येतो, अर्थ येतो आणि पलीकडच्या टोकाला कॉम्प्युटर स्वतः येतो. गाडी बिचारी सांगत होती, या रस्त्यावर काहीतरी गडबड आहे, कुठे ते मला इथून दिसत नाही. इतकी विनयशील तक्रार मी माणसाकडून कधी ऐकलेली नाही. आणि ती ज्याच्या कानावर जायची तो पुढचा शब्द यायच्या आत म्हणायचा, "सेन्सर गेलाय, साहेब."

मी एक छोटा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, सॉकेटला खोचायचा, मोबाइलवर ॲप उघडायचं आणि गाडीच्या मनातलं वाचायचं. माझ्या गाडीच्या मनात पी-०८४० एवढंच होतं, ते वाचायला किती वेळ लागणार? मग मी दुसऱ्यांच्या गाड्या वाचायला लागलो. सोसायटीत बातमी पसरली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये माझी ओपीडी सुरू झाली. पहिल्या मजल्यावरच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरची तक्रार निघाली. त्यांनी मला पोहे आणून दिले. तिसऱ्या मजल्यावर मिसफायर सापडला. त्यांनी सगळ्या मजल्याला सांगितलं. सेक्रेटरींच्या गाडीत काहीच निघालं नाही.

"नीट बघा," सेक्रेटरी म्हणाले.

"नीटच बघितलं. एकही कोड नाही. गाडी ठणठणीत आहे."

"असं कसं? मी गेली सहा वर्षं सोसायटीच्या कामासाठी गाडी पिदडतोय."

मी पुन्हा स्कॅन केला. पुन्हा काही नाही. सेक्रेटरी त्या दिवशी माझ्याशी जे तुटक बोलले ते बोलले. 'सगळं नॉर्मल आहे' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण परत जात नाही, हे मला लक्षात यायला हवं होतं. निदान मिसफायर तरी सांगायचा.

दरम्यान माझी गाडी घाटातून जाऊ शकत नव्हती. मग आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याचा सर्व्हिस सेंटरवर राग आहे, त्यामुळे तो चांगला आहे असं आम्ही धरून चालतो. त्याने माझ्या मोबाइलवरचा कोड वाचलाच नाही. गाडीखाली सरकला आणि खालून आवाज आला, "असेंब्ली बदला म्हणाले ना? लुटारू आहेत. सेन्सर बाहेरूनच आहे. सुटा मिळतो."

मी सुखावलो.

"सेन्सरच गेलाय, साहेब."

त्याने डिपस्टिक काढली. या गाडीत ती होती हे भाग्य. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच देत नाहीत आणि आत 'लाइफटाइम' तेल आहे असं सांगतात. लाइफ कुणाचं हे सांगत नाहीत. ऑटोमॅटिकचं तेल सहसा लाल असतं, आणि माझ्या गाडीसारख्या डिपस्टिकवाल्या बऱ्याच गाड्यांत त्याची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर, सपाट जागी बघायची असते. गॅरेजवाल्याने ती इंजिन बंद असताना, गार तेलात, गॅरेजच्या उतारावर बघितली आणि म्हणाला, "जास्त झालंय." मी ॲपमध्ये वाचलेलं सगळं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि डिपस्टिक माझ्या हातात दिली. "वास घ्या," म्हणाला. जळलं असतं तर तेल काळपट आणि करपलेल्या वासाचं असतं. मी वास घेतला. मला सकाळच्या पोह्यांचा वास आला. आम्ही दोघांनी मान डोलावली.

सेन्सर आणायला नाना पेठेत गेलो. नाना पेठेतल्या दुकानदाराला मोटारीचा कुठलाही भाग तोंडपाठ असतो आणि आपण कुठून, का आणि किती अडून आलोय हेही.

"ए पाहिजे की बी?"

"ए."

"ओरिजिनल की कंपनीचा?"

"दोन्हींत फरक काय?"

"ओरिजिनल आज नाहीये."

मग त्याने एक तिसराच काढला. डबीवर जपानी लिपीत काहीतरी छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'गुणवत्तेची खात्री' असं चक्क मराठीत. "हा ओरिजिनलपेक्षा चांगला," दुकानदार म्हणाला. "ओरिजिनल लवकर जातो, म्हणून तर तुम्ही इथे आलात ना?" तर्कात कुठे फट नव्हती. मी पैसे दिले.

नवा सेन्सर बसला. दिवा पुसला. चांदणी चौकाच्या चढावर दिवा लागला.

"मग सेन्सर नव्हता," गॅरेजवाला म्हणाला. त्याच्या आवाजात खेद नव्हता, उलट उत्साह होता. "आता सोलेनॉइड बघावे लागतील. नाहीतर व्हॉल्व्ह बॉडी. नाहीतर..."

"असेंब्ली?"

त्याने उत्तर दिलं नाही. पण तो सर्व्हिस सेंटरबद्दल मघाइतकं वाईट बोलत नव्हता.

एव्हाना सोसायटीत उंदराचं प्रकरण सुरू झालं होतं. माझ्या गाडीच्या वायरीत काहीतरी असावं असं मी कुणाशीतरी बोललो आणि 'वायर' म्हटल्याबरोबर पुण्यातला माणूस 'उंदीर' म्हणतो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात हे खोटं नाही. सोसायटीची तातडीची सभा झाली. कुणी म्हणालं इंजिनात तंबाखूची पानं ठेवा. कुणी म्हणालं डांबराच्या गोळ्या. एकजण परदेशी मुलाकडे जाऊन आलेले. त्यांनी सांगितलं की होंडा कंपनी वायरीला गुंडाळायला मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली टेप विकते, उंदराने चावलं की तोंड पोळतं. त्यावर मूळचे कोल्हापूरचे सभासद म्हणाले, "आमच्याकडच्या उंदराला ती चवीला लागेल." मग पिंजरे लावायचा ठराव आला आणि तिथे माझ्या आईने हात वर केला.

"गणपती तोंडावर आलेत. आत्ता उंदीर पकडायचे?"

सभा अवघडली. शेवटी असं ठरलं की पिंजरे अनंत चतुर्दशीनंतर लावावेत आणि तोपर्यंत सभासदांनी आपापल्या बॉनेटमध्ये तंबाखू ठेवावी. वॉचमनच्या तंबाखूचा खर्च त्या महिन्यात पूर्ण वाचला, असं मला नंतर कळलं.

आता सांगायला हरकत नाही, उंदीर निर्दोष होता.

हे सिद्ध केलं वायरमन मामांनी. कर्वेनगरच्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. बोर्ड नाही, कॉम्प्युटर नाही, एक टेस्ट लॅम्प, एक जुना मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची काडी. मी गाडी लावली आणि सवयीने सुरू झालो, "मामा, सेन्सर गेलाय..."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"बघितला कुणी?"

मी गप्प बसलो. मामांनी बॉनेट उघडलं, तंबाखूची पानं बाजूला केली, आणि म्हणाले, "मला काही माहीत नाही. बघू." या सगळ्या प्रकरणात 'मला माहीत नाही' म्हणणारा मला भेटलेला हा पहिला माणूस. मी जरा काळजीत पडलो. माहीत नाही तर हा दुरुस्त काय करणार?

त्यांनी सेन्सरचा कपलर काढला. त्यात तीन वायरी. "एक सप्लाय, एक अर्थ, एक बातमीची," मामा म्हणाले. चावी फिरवायला सांगून त्यांनी मल्टिमीटर लावला. सप्लायवर पाच व्होल्ट. अर्थ ठीक. राहिली बातमीची वायर. इथे ज्याने हे डोकं लढवलं त्याला दाद द्यावी लागते. असा तीन वायरींचा प्रेशर सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मध्येच बोलतो. दाब शून्य असला तरी अर्धा व्होल्ट, दाब शिगेला असला तरी साडेचार. एकदम शून्य किंवा पूर्ण पाच आले, की कॉम्प्युटरला कळतं: हा सेन्सर नव्हे, कुठेतरी वायर तुटलीय किंवा चिकटलीय. आमच्या सोसायटीच्या सभेतही असा नियम हवा होता.

"तुमच्या मोबाइलवर दिसतं का त्याचं काही?" मामांनी विचारलं.

मी अभिमानाने ॲप उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मामांनी कपलरमध्ये बातमीच्या वायरीला वायरचा तुकडा लावून सप्लायच्या पाच व्होल्टला जोडला. आता माझ्या स्क्रीनवर पाच यायला हवे होते. आले असते, तर वायर आणि कॉम्प्युटर दोघेही सुटले असते आणि सेन्सरच पकडला गेला असता.

"किती?"

"शून्य."

"आता?"

"शून्य."

मामा वायरींचा जुडगा बोटांनी हलवत कपलरापासून मागे मागे सरकायला लागले. बॅटरीच्या खालून, ब्रॅकेटच्या मागून, फायरवॉलच्या दिशेने. मी आकडे ओरडत होतो. "शून्य! शून्य! शून्य!" गल्लीतून भाजी घेऊन जाणाऱ्या एक बाई थांबल्या. एक मुलगा सायकल टेकवून उभा राहिला. त्याला वाटलं असावं हाऊजी चाललीय.

"शून्य! पाच! शून्य! पाच, मामा, पाच!"

"ओरडू नका. हलू नका."

बॅटरीच्या ट्रेखाली आणखी एक कपलर होता. इंजिनाची वायरिंग आणि गिअरबॉक्सची वायरिंग तिथे एकमेकींना भेटते. मामांनी तो उघडला. आतली एक पिन हिरवीगार झाली होती. पाणी शिरून तांबं खाल्लं गेलेलं. बाकीच्या पिना लख्ख. तेवढी एकच, आमची, हिरवी.

"ह्यातला रबर कुठाय?"

"कसला रबर?"

"सील असतं. पाणी जाऊ नये म्हणून. कुणीतरी कपलर उघडला, रबर खाली पडला, तसाच बंद केला." मामांनी माझ्याकडे बघितलं. "कुणाची होती गाडी?"

"डॉक्टरांची."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पिन बाहेर काढली, वायर मागे कापली, नवी पिन दाबून बसवली, वर स्लीव्ह चढवून काडेपेटीने तापवली. आपल्या डब्यातून एक रबर शोधून घातला. परत तुकडा जोडला. पाच. तुकडा काढला, सेन्सर लावला, इंजिन चालू केलं. माझ्या मोबाइलवर आकडा जागेवरून उठला आणि गिअर टाकल्यावर वर गेला. भाजीवाल्या बाईंनी विचारलं, "लागलं का?" मुलगा म्हणाला, "लागलं."

मामांनी पैसे सांगितले. ते ऐकून मला वाटलं त्यांनी फक्त पिनेचे सांगितले. परत विचारलं. सगळ्याचेच होते. मी त्यांना थोडे जास्त घ्या म्हणालो तर त्यांनी नाना पेठेतल्या नव्या सेन्सरकडे बघून विचारलं, "हा कितीला पडला?" मी आकडा सांगितला. "मग राहू द्या," म्हणाले. "तुमचं झालंय आधीच."

त्यानंतर आम्ही कात्रजच्या घाटातून केतकावळ्याला जाऊन आलो. गिअर एकेक करून पडत गेले, कुणालाही ओलांडू दिलं नाही. एक सायकलवाला दिसला तेव्हा मी उगाचच हॉर्न वाजवला. बायको म्हणाली, "लाज वाटते का?"

घरच्यांना मात्र दुरुस्ती पटली नव्हती. मेव्हण्यांनी फोनवर एकूण खर्च विचारला आणि गप्प झाले. "इतक्यात?" ते म्हणाले. "मग तात्पुरतं केलं असणार. एकदा सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्या दाजी. खात्री होईल." काकांना मी पिनेची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे बॅटरीजवळच होतं ना? मी पहिल्या दिवशी बॅटरीच म्हणालो होतो." गॅरेजवाला म्हणाला की त्याने सोलेनॉइडनंतर तेच बघितलं असतं. सर्व्हिस सेंटरने माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला शुभेच्छांचा मेसेज पाठवला आणि खाली असेंब्लीवर दहा टक्के सूट दिली.

रविवारी सेक्रेटरी खाली भेटले. मला वाटलं, रुसवा गेला असेल.

"त्या वायरमनचा नंबर द्या," ते म्हणाले.

"का? गाडीला काही झालं?"

"नाही ना होत. तेच तर दाखवायचंय."

मी नंबर दिला. संध्याकाळी ते परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. मामांनी बॉनेट उघडून, मीटर लावून, सगळे कपलर बघून सांगितलं होतं की काही नाही, घरी जा. आणि पैसेही घेतले नव्हते.

"काय म्हणायचं आता?" मी विचारलं.

"काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "सर्व्हिस सेंटरची अपॉइंटमेंट घेतलीय."